साखळी कुठे तुटते?

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांच्या कबड्डी स्पर्धांचे दिवस येतात. परभणी जिल्ह्यात जिंतूर असो, गंगाखेड असो की पाथरी, हरलेल्या संघाकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "चढाया चांगल्या झाल्या, पण साखळी टिकली नाही." पुढच्या वर्षी संघात नवी मुले येतात. वाक्य मात्र तेच राहते.

या अपयशाची कारणेही ठरलेली असतात. "पोरांत ताकद नाही", "कोपऱ्यातल्याने पाय सोडला", "मन लावून खेळत नाहीत." मग ज्याच्या हातून चढाई करणारा निसटला, त्याला संघातून वगळले जाते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलासाठी हे वगळणे साधे नसते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथवर जाणारी वाट अशाच छोट्या स्पर्धांतून सुरू होते. म्हणून कोणाला दोष द्यायचा हे ठरवण्याआधी साखळी खरोखर कुठे तुटते, हे तपासायला हवे. त्यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

आधी मैदान पाहू

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. एका बाजूला सात खेळाडू. चढाई करणाऱ्याने ३० सेकंदांच्या आत, दम न सोडता, निदान रेषा ओलांडायची, जमल्यास कोणाला तरी बाद करायचे आणि परत यायचे. पकडला गेला तरी त्याच्या शरीराचा कोणताही भाग, अगदी बोटाचे टोकही, मध्यरेषेला लागले की तो सुटला आणि त्याला झोंबलेले सगळे बाद झाले.

बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे राहतात. पुष्कळ संघ कोपऱ्यात दोघे, मध्ये तिघे आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोघे अशी रचना करतात. हीच साखळी. सामान्यतः कोपऱ्यातला खेळाडू पकड सुरू करतो आणि शेजारचे धावून येऊन ती पूर्ण करतात. 'सुरू करणे' आणि 'पूर्ण करणे' यांच्यामध्ये किती वेळ जातो, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

दशांश सेकंदाचा हिशेब

समजा चढाई करणारा ६५ किलोग्रॅम वजनाचा आहे आणि सेकंदाला ४ मीटर वेगाने परत फिरला आहे. तो निदान रेषेवर असताना, म्हणजे मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, कोपऱ्यातल्याने त्याला धरले. त्याला हे सगळे अंतर धावायचे नाही. पुढे झेप घेऊन हात लांबवला तर पावलांपासून बोटांपर्यंत साधारण २ मीटरची लांबी मिळते. म्हणजे त्याला प्रत्यक्षात सरकायचे आहे फक्त १.७५ मीटर.

आता त्याला अडवणारे बल किती? माणूस जमिनीला पाय रोवून जो जोर लावतो, तो घर्षणाच्या जिवावर. पाय घसरला की जोर संपला. दंड कितीही पीळदार असले तरी घर्षणापेक्षा जास्त आडवे बल जमिनीकडून मिळत नाही. घर्षण गुणांक ०.६ धरला तर ६५ किलोच्या खेळाडूला जास्तीत जास्त ०.६ × ६५ × ९.८, म्हणजे सुमारे ३८२ न्यूटन बल मिळते. पण चढाई करणाऱ्याचेही वजन तेवढेच आणि मैदानही तेच. तोही ३८२ न्यूटनने पुढे रेटतो. म्हणजे एकास एक असताना दोन्ही बले एकमेकांना खाऊन टाकतात आणि चढाई करणारा आहे त्या वेगाने पुढे जात राहतो. एकट्या कोपऱ्याने कितीही घट्ट धरले तरी पुरत नाही, ते यामुळे.

दुसरा आला की चित्र पालटते. आता ३८२ न्यूटन बल मागच्या दिशेने शिल्लक राहते. त्याला ६५ ने भागले तर सुमारे ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके ऋण त्वरण मिळते. गतीच्या तिसऱ्या समीकरणात हे घातले की थांबण्यासाठी लागणारे अंतर येते १.३६ मीटर. हे १.७५ पेक्षा कमी आहे. पकड यशस्वी!

पण दुसरा खेळाडू पाव सेकंद उशिरा आला तर? त्या पाव सेकंदात चढाई करणारा १ मीटर पुढे गेला. एक अधिक १.३६ म्हणजे २.३६ मीटर. बोट मध्यरेषेला लागले, पकड फसली.

मग उशीर किती चालेल? १.७५ मधून १.३६ वजा केले तर ०.३९ मीटर उरतात. सेकंदाला ४ मीटर वेगाने ते कापायला लागतात ०.१ सेकंद. दुसऱ्या खेळाडूच्या हाती एवढाच वेळ आहे, एका सेकंदाचा दहावा भाग.

हे गणित ढोबळ आहे. घोटा धरला की चढाई करणाऱ्याचा तो पाय जमिनीला रेटा देऊ शकत नाही. त्याला उचलला तर त्याचे घर्षण शून्यच होते. म्हणून चांगले संघ घोटा, उचल आणि धडक यांवर भर देतात. पण मूळ मुद्दा बदलत नाही. दोघांचीही वजने पाच-पाच किलोने वाढवून हेच गणित करून पाहा. हाती असलेला वेळ ०.१ वरून जेमतेम ०.१४ सेकंद होतो. वर्षभर खुराक आणि जोर-बैठका करून मिळतात ते हे चार शतांश सेकंद. ते नको असे नाही. पण पाव सेकंदाचा उशीर त्यातून भरून निघत नाही.

पाहून धावणे पुरत नाही

आता वर्गात एक छोटा प्रयोग करा. एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडली गेली, तर मुक्त पतनाच्या सूत्रावरून वेळ येतो ०.२ सेकंद. बहुतेकांचे उत्तर याच्या आसपास येईल. डोळ्यांनी पाहून स्नायू हलवायला निरोगी तरुण माणसाला साधारण इतका वेळ लागतोच.

आपल्या दुसऱ्या खेळाडूला मिळालेला वेळ होता ०.१ सेकंद. म्हणजे कोपऱ्यातल्याने पाय धरला, हे *पाहून* जो हलला, त्याला हलण्याआधीच उशीर झाला. तो आळशी नव्हता, भित्रा नव्हता. मज्जासंस्थेची मर्यादाच त्याच्या आड आली.

इथे हात धरण्याचे महत्त्व लक्षात येते. स्पर्शाला दिलेली प्रतिक्रिया दृष्टीपेक्षा थोडी जलद, सुमारे ०.१५ सेकंदाची असते. शेजाऱ्याने झेप घेतली की हाताला हिसका बसतो आणि बातमी डोळ्यांआधी पोचते. त्या दृष्टीने साखळी म्हणजे दोरखंडाइतकीच एक तारही आहे. तरीही ०.१५ सेकंद ०.१ पेक्षा जास्तच. आणि बातमी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली, तर प्रत्येक टप्प्यावर उशीर वाढत जातो.

मग चांगले संघ हे कसे साधतात? ते शेजाऱ्याकडे पाहून हलतच नाहीत. दोघेही एकाच खुणेवर नजर ठेवतात, म्हणजे चढाई करणाऱ्याचा मागचा पाय, त्याच्या कमरेचा कल, त्याचे वळणे. ती खूण दिसली की कोपऱ्यातला *आता* पायात शिरणार, हे शेजाऱ्याला आधीच ठाऊक असते. तो प्रतिक्रिया देत नाही, अंदाज करतो. अंदाजाला प्रतिक्रियेचा वेळ लागत नाही. पण असा अंदाज करायला शेजारी कसा खेळतो हे माहीत असावे लागते, आणि ते एकत्र खेळूनच कळते.

जोर कुठे वाया जातो

वेळेत पोचल्यावरही जोर वाया जाऊ शकतो. दोन खेळाडू प्रत्येकी ३८२ न्यूटनने ओढत आहेत. दोघांची दिशा एकच असेल तर एकूण ७६४ न्यूटन. त्यांच्यात ६० अंशांचा कोन असेल तर सुमारे ६६२. कोन १२० अंश झाला तर? अवघे ३८२. दोघे मिळून एकाइतकेच! एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि मधला माणूस सरळ निघून जातो. प्रयोगशाळेतले दोन तानकाटे एका कडीला अडकवून हे मुलांना सहज दाखवता येईल.

आपल्या भागातल्या मुलांना हे वेगळ्या रूपात माहीत असते. लाल कंधारी बैलांची देखणी जोडी असली तरी दोघांची चाल जुळली नाही तर नांगर सरळ चालत नाही. बैल विकत घेताना शेतकरी नुसता बैल पाहत नाही, जोड पाहतो.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने पहिल्यांदा मोजला तोही एका शेती-अभियंत्यानेच. फ्रान्समधील मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान हे माणसे, बैल, घोडे आणि यंत्रे यांच्याकडून किती काम होते याचा अभ्यास करत. १८८२ ते १८८७ या काळात त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून बल मोजले आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्याने लावलेला जोर १०० मानला, तर दोघे असताना प्रत्येकाचा वाटा ९३ झाला, तिघे असताना ८५, चौघे असताना ७७ आणि आठ जण असताना फक्त ४९. आठ माणसे मिळून जेमतेम चौघांचे बळ!

हे का होते? एक कारण म्हणजे सगळे एकाच क्षणी, एकाच दिशेने ओढत नाहीत. दुसरे कारण मनातले : 'इतके जण आहेत, माझ्या वाट्याने काय होणार?' १९७४ मध्ये अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी ही दोन कारणे वेगळी केली. दोर ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याच्या मागे ओढण्याचे नुसते सोंग करणारी माणसे उभी केली. खरे तर तो एकटाच ओढत होता, तरीही मागे कोणी आहे असे वाटल्याबरोबर त्याचा जोर कमी झाला. पुढच्या संशोधनात असेही दिसले की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येत असेल तर ही ढिलाई पुष्कळ कमी होते. आपल्याकडे पकडीच्या बातमीत कोपऱ्यातल्याचे नाव येते. वेळेवर धावून आलेल्या दुसऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. यावर विचार व्हायला हवा.

गुणाकाराचा नियम

समजा एका पकडीत चौघांनी आपापले काम चोख करायला हवे. प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा चोख आहे. खूप चांगला संघ वाटतो, नाही का? पण चौघेही एकाच वेळी चोख असण्याची संभाव्यता ०.९ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.६६. तीनपैकी एक पकड फसणार!

आता तिघे ०.९५ चे आणि एक ०.६ चा घ्या. गुणाकार येतो सुमारे ०.५१. सरावाला वेळ थोडा आहे, तो कोणावर खर्च कराल? तिघा पटाईतांपैकी एकाला अगदी अचूक, म्हणजे १ केले, तर गुणाकार ०.५४ होतो. त्याऐवजी कच्च्याला ०.६ वरून ०.८ वर आणले तर ०.६९. वर्गातही आपला वेळ नकळत हुशार मुलांकडे जातो. साखळीच्या बाबतीत ही चूक आकड्यांत दिसते.

हा गुणाकार चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात एक जण चुकला की शेजारी त्याची जागा भरायला सरकतो. कधी त्याने पकड वाचते, कधी त्याची स्वतःची जागा उघडी पडते. काय होईल, हे पुन्हा त्या दोघांच्या ओळखीवर अवलंबून.

दोघे गेले, तर काय गेले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साखळी *दरवर्षी* का तुटते?

सात खेळाडूंच्या संघात परस्परांच्या जोड्या किती? ७ × ६ भागिले २, म्हणजे २१. पदवी पूर्ण झाली म्हणून त्यांतले दोघे गेले आणि दोन नवे आले. उरलेल्या पाच जणांत जुन्या जोड्या राहतात १०. म्हणजे खेळाडू बदलले सातांपैकी दोन, पण ओळखी मोडल्या २१ पैकी ११. निम्म्याहून जास्त! तिघे गेले तर २१ पैकी फक्त ६ जोड्या जुन्या राहतात. हजेरीपटावर बहुतेक नावे तीच दिसतात, म्हणून आपल्याला वाटते की संघ तोच आहे. साखळीच्या दृष्टीने तो नवाच असतो.

चढाईला हा फटका तेवढा बसत नाही. चढाई हे एकट्याचे कौशल्य. ते खेळाडूबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच राहते. म्हणून "चढाया चांगल्या झाल्या, पण साखळी टिकली नाही" हे वाक्य वर्षानुवर्षे खरे ठरते.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच दणकट खेळाडू ओळीने उभे राहून प्रतिपक्षाला थोपवून धरतात. पाचांपैकी एक जण जरी चुकला तरी वाट मोकळी होते. तिथल्या महाविद्यालयांतही 'ओळ टिकत नाही' ही तक्रार नेहमीची आहे, आणि तिथेही विद्यार्थी काही वर्षांनी निघून जातात. पाच जणांच्या १० जोड्या असतात. दोघे बदलले की जुन्या राहतात फक्त ३.

आपल्याकडे यात दोन स्थानिक अडचणींची भर पडते. पहिली जमिनीची. परभणीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते, वाळली की भेगाळते. मैदानावर मुरूम किंवा तांबडी माती टाकलेली नसेल तर पावसाळ्यातले कित्येक दिवस सरावाविना जातात. शिवाय ओल्या जमिनीवर घर्षण गुणांक ०.६ वरून ०.४ वर आला, तर दोघांनी एकाच क्षणी धरूनही ४ मीटर वेगाचा माणूस थांबायला २.०४ मीटर लागतील. मातीवर सराव करून मॅटवर सामना खेळतानाही पायाखालचे गणित असेच बदलते, कारण अनवाणी पायाची मातीवरची पकड आणि बुटाची मॅटवरची पकड सारखी नसते.

दुसरी अडचण शेतीच्या दिवसांची. स्पर्धा तोंडावर येतात तेव्हाच सोयाबीनची काढणी येते. आज हा खेळाडू शेतात, उद्या तो. सातही जण एकत्र असलेले दिवस थोडेच उरतात. एकेकट्याने जोर-बैठका गावातही काढता येतात. जोडी मात्र एकट्याने जुळत नाही.

मग काय करावे?

काही गोष्टी खर्चाविना करता येतात. दोघे निघून जाणार हे आधीच माहीत असते. त्यांच्या जागी येणाऱ्यांना शेवटच्या वर्षीच, जुन्या शेजाऱ्याच्या हातात हात देऊन उभे करावे. सात जण जमत नसतील त्या दिवशी जे दोघे-तिघे आले असतील त्यांचा जोडीने सराव घ्यावा, आणि कोण कोणाबरोबर किती दिवस खेळले याची वहीत नोंद ठेवावी. पकड झाली की सुरू करणारा आणि पूर्ण करणारा, दोघांचीही नावे फळ्यावर लिहावीत.

शाळेतल्या मुलांसाठी एक प्रयोग सुचवतो. वीस मुलांना हात धरून गोल उभे करा, डोळे मिटायला सांगा. पहिल्याने उजवीकडच्याचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा. दाब फिरून पहिल्याकडे आला की घड्याळ थांबवा आणि आलेल्या वेळेला २० ने भागा. हाच फेरा दहा वेळा करा, वेळ कशी बदलते त्याचा आलेख काढा. मग गोलातली चार मुले बदला आणि पुन्हा मोजा. आलेख पुन्हा वर जातो का? किती फेऱ्यांनंतर पूर्वीच्या जागी येतो? मुलींच्या संघासाठी मैदान लहान असते. त्याची मापे घेऊन वरचा दशांश सेकंदाचा हिशेबही मुलींनाच करायला सांगा.

आणि यंदा एखादी पकड फसली तर शिट्टी वाजल्यावर निसटलेल्या हाताकडे पाहण्याआधी एक गोष्ट आठवून पाहा. कोपऱ्यातल्याने पाय धरला, त्या क्षणी त्याचा शेजारी कुठे होता? पुष्कळदा असे आढळेल की कोपऱ्यातल्याने आपले काम वेळेत केले होते, आणि एकट्याच्या घर्षणाला जे थांबवता येत नाही ते त्याला थांबवता आले नाही. त्याचा शेजारीही दोषी असेलच असे नाही. कदाचित ते दोघे त्या आठवड्यातच पहिल्यांदा शेजारी उभे राहिले असतील. अशा वेळी एकाला वगळून तिसरा आणला, तर पुढच्या सामन्यात आणखी काही जोड्या नव्या होतात.